पाचवा टॉवेल

आमचे सासरे आर्नल्ड बूथ यांनी आयुष्यभर रॉचडेलमध्ये बस चालवली, आणि निवृत्त झाल्यावरही त्यांचं अंग पहिल्या पाळीलाच जागं होत राहिलं. अंधारात उठायचं, आपला चहा आपण करायचा, बूट पुसायचे आणि मग कुठे जायचंच नाही म्हणून खिडकीशी बसायचं. घरी त्यांच्या ह्या सवयीचा कोणाला काही उपयोग नव्हता. सुट्टीत मात्र आम्ही तिचा पुरेपूर फायदा उठवत होतो.

शाळा सुटल्या की आम्ही दरवर्षी तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर त्याच एका हॉटेलात जायचो. मी, माझा नवरा ग्रॅहम, आमच्या दोन मुली मेगन आणि एल्सी, आणि सासूबाई हिल्डा गेल्यापासून आर्नल्डही. मनगटावर हॉटेलची निळी पट्टी बांधली की सकाळच्या अंड्यांपासून रात्रीच्या शेवटच्या बिअरपर्यंत सगळं आधी भरलेल्या पैशांतच आलं. पोहण्याच्या तलावाकाठच्या आरामखुर्च्या मात्र त्यात येत नाहीत. त्या माणसांपेक्षा कायम कमीच असतात, म्हणून उजाडायच्या आत खाली जाऊन टॉवेल टाकून यावं लागतं. एकदा टॉवेल पडला की खुर्ची दिवसभर तुमची. टॉवेल म्हणजे माणूसच, असं आमच्या लोकांत धरून चालतात.

हे काम आर्नल्डकडे होतं. सावलीतली, छोट्या तलावाजवळची रांग त्यांनी कधी हातची जाऊ दिली नाही. आमचे चार टॉवेल ओळीने, पाचवा त्यांचा, आणि त्यावर त्यांची जाडजूड खुनाची कादंबरी, पालथी. पुस्तक मिटून ठेवलं तर माणूस विसरून गेलाय असं वाटतं, उघडं पालथं ठेवलं की माणूस आत्ताच उठलाय असं वाटतं, हा त्यांचा शोध. मग त्या खुर्चीला कोणी हात लावत नाही. ही युक्ती ते मुलींना अशा थाटात सांगायचे, जशी काही घराण्याची विद्याच.

आता एक सांगून टाकते. ह्या असल्या हॉटेलांना कोणी नावं ठेवलेली मला खपत नाही. मी शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. वर्षभर दुसऱ्यांच्या पोरांना वाढते, त्यांची ताटं खरवडते, आणि घरी येऊन परत तेच. वर्षातून एकदा मी ताट टेबलावर तसंच सोडून उठते आणि मागे वळून बघत नाही. पोरी आइस्क्रीम म्हणाल्या तर मला आधी पाकिटाकडे बघावं लागत नाही. 'पण मग देश कुठे पाहिला?' असं मला विचारणाऱ्या बायकांनी आधी माझ्याबरोबर शंभर ट्रे घासावेत, मग देशाचं बोलू.

आर्नल्डना ते हॉटेल आवडत होतं की नाही हे त्यांनी कधी सरळ सांगितलं नाही. फक्त ते तिथे काहीतरी शोधत असल्यासारखे हिंडायचे. एकदा जिन्याचा सैल कठडा त्यांनी जेवणाच्या सुरीने आवळून घट्ट केला. हॉटेलच्या माणसाने येऊन फार अदबीने त्यांच्या हातून सुरी काढून घेतली.

त्या वर्षी सुट्टीच्या शेवटी शेवटी, एका रात्री, कधी नव्हे ते आम्ही पाचही जण एका टेबलाशी सापडलो.

"उद्या गावात बाजार आहे," आर्नल्ड म्हणाले. "गेटाबाहेरून मिनीबस जाते. मी बघून ठेवलंय. जाऊ या का सगळे? सकाळीच? ताजा पाव मिळेल."

"डॅड, तिकडे बघा. किती प्रकारचे पाव ठेवलेत," ग्रॅहम म्हणाला.

"ठेवलेत. कोणी आणलेले नाहीत."

"म्हणजे?"

"वेल्सला कॅराव्हॅनमध्ये जायचो तेव्हा रोज सकाळी पाव कोण आणायचं? मी आणायचो. मी येईपर्यंत तुझी आई कोणाला खायला बसू द्यायची नाही."

"उद्या घसरगुंडी आहे माझी," एल्सी म्हणाली. मेगनने फोनमधून मान वर केली नाही.

मला कॅराव्हॅनचं नाव काढलं की राग येतो. मी लग्नानंतर दोन उन्हाळे तो चाकांवरचा पत्र्याचा डबा भोगलाय. "डॅड, पाव तुम्ही आणायचात आणि मग दिवसभर पत्ते कुटायचात," मी म्हटलं. "बाहेर पाऊस, आत दोन शेगड्या, आणि हिल्डामम तिथे उभ्या. सुट्टी तुमची होती. त्यांचं फक्त स्वयंपाकघर बदलायचं."

त्यांनी काटा उचलला. मग म्हणाले, "खरं आहे, पोरी." आणि थोड्या वेळाने, काट्याने मटार फिरवत, "पण त्या डब्यात एक होतं. एक माणूस कमी असलं तरी लगेच कळायचं."

"त्या डब्यात कोणी पादलं तरी लगेच कळायचं," ग्रॅहम म्हणाला. मुली खो खो हसल्या, मीही हसले. आर्नल्डसुद्धा हसले. मग मनगटावरची पट्टी खाजवत म्हणाले, "एक दिवस हे काढून माणसासारखं खाऊन बघा तुम्ही." तेवढ्यात मंचावर गाणी सुरू झाली आणि विषय तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी मी उशिरा खाली आले. पाचही टॉवेल जागेवर. पाचव्यावर पुस्तक पालथं. मी माझ्या खुर्चीवर आडवी झाले आणि डोळे मिटले. एल्सी घसरगुंडीवर होती, मेगन वर झोपली होती, ग्रॅहम व्यायामाला जातो म्हणून गेला होता, म्हणजे कुठे गेला असेल ते मला माहीत होतं. दुपारी ज्याला भूक लागली तो जिथे वास आला तिथे जेवला. ग्रॅहमने समुद्रावर बर्गर खाल्ला, मुलींनी पिझ्झा, मी आत थंड हवेत मासा. परत आले तरी पुस्तक तसंच पालथं होतं. बिचारे मागच्या तलावात डुंबत असतील, मी मनात म्हटलं.

ऊन उतरणीला लागल्यावर पुढच्या रांगेतली एक बाई माझ्यापुढे येऊन उभी राहिली. लीड्सची, म्हणजे यॉर्कशायरची. आम्हा शेजारच्या लँकेशायरवाल्यांना त्या मुलखाचा माणूस पहिल्या शब्दातच ओळखू येतो, आणि दुसऱ्यात नकोसा होतो.

"ही खुर्ची कोणाची?" तिने पाचव्या टॉवेलकडे बोट केलं.

"आमच्या आजोबांची."

"आजोबा आहेत कुठे?"

"आत्ताच टॉयलेटला गेलेत," मी म्हटलं. हे उत्तर आमच्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही. खुर्चीवर कोणी बोट ठेवलं की ते आपसूक तोंडातून येतं.

"आत्ताच?" ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. "मी सकाळी न्याहारी करून आले तेव्हापासून बघतेय. ह्या टॉवेलवर माणूस बसलेला मी पाहिलेला नाही. फारच कुंथायला लागतंय वाटतं तुमच्या आजोबांना!"

"म्हातारं माणूस आहे. तुम्हाला बसायचंय तर उद्या लवकर उठा."

"पुस्तकाचं पानसुद्धा उलटलेलं नाही, बाई."

तिच्या तोंडावर मारायला म्हणून मी पुस्तक उचललं. जाड पुठ्ठा उन्हाने चटका बसेल इतका तापला होता. सावली केव्हाच सरकून गेली होती. आर्नल्डनी पुस्तक असं उन्हात कधीच टाकलं नसतं. आत तेच पान होतं, ज्यावर काल जेवायच्या आधी त्यांनी मला खुनी कोण ते सांगायचा प्रयत्न केला होता.

पुस्तक तिथेच टाकून मी उठले. अनवाणीच पळत सुटले.

ग्रॅहम समुद्रावरच्या बारमध्ये होता. "डॅडना पाहिलंस?"

"तुझ्याजवळ आहेत ना?"

"माझ्याजवळ त्यांचा टॉवेल आहे!"

"मग वरच्या बारमध्ये असतील. नाहीतर पत्ते खेळतात तिथे." हॉटेल असं अवाढव्य की माणूस कुठेतरी असेल असं म्हणायला जागा संपत नाहीत. आम्ही त्या सगळ्या जागा बघितल्या. मुलींना शोधून काढलं. आणि मग मी तो प्रश्न विचारला जो सकाळीच विचारायला हवा होता, "न्याहारीला आजोबांना कोणी पाहिलं?"

मेगनला वाटलं होतं ते आमच्याबरोबर खाऊन गेले. ग्रॅहमला वाटलं होतं मुलींबरोबर. मला तर काही वाटलंच नव्हतं.

आर्नल्डना साखरेचा आजार होता. उठल्यावर पोटात इन्सुलिन टोचायचं आणि लगेच खायचं, असा नेम. वसंतात एकदा टोचून घेतल्यावर दाराशी कोणी आलं, बोलत बसले, खाणं राहिलं, आणि मला ते न्हाणीघराच्या फरशीवर घामाने थबथबलेले सापडले. डॉक्टरने तेव्हा मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, अजून थोडा उशीर झाला असता तर उठले नसते.

आम्ही त्यांची खोली उघडून घेतली. अंथरूण नीट घातलेलं. वापरलेल्या सुया टाकायची डबी काल रात्री मीच रिकामी केली होती, आणि आता तिच्यात एक सुई पडलेली होती. म्हणजे टोचून घेतलंच होतं. जवळ ठेवायच्या साखरेच्या गोळ्यांची नळी उशाशी तशीच पडली होती. आणि बेसिनमध्ये कात्री, आणि तिच्याशेजारी कापलेली निळी पट्टी.

"पट्टी का कापली?" ग्रॅहम म्हणाला. "पट्टीशिवाय त्यांना इथे कोणी पाणीसुद्धा देणार नाही. गेले का ते? रागावून?" त्याचा आवाज लहान पोरासारखा झाला होता. "मी काल त्यांच्यावर हसलो."

"आई, इकडे ये," एल्सीने बाल्कनीतून हाक मारली.

बाल्कनीतलं छोटं टेबल मांडलेलं होतं. जेवणाच्या दालनातून आणलेले पाच कप, प्रत्येकात घरून आणलेल्या चहाची एकेक पुडी. लोणी, जॅम, सुरी. मधली जागा मोकळी ठेवलेली, पावासाठी.

ते रागावून गेले नव्हते. न्याहारीच्या आत परत यायचं म्हणून गेले होते. इन्सुलिन अंगात घेऊन गेले होते, आणि आता दुपार टळून गेली होती.

स्वागतकक्षातली मुलगी हसून म्हणाली, आम्ही तीन भाषांत पुकारा करू. तिने केलाही. पाण्यातल्या नाचाचं गाणं क्षणभर थांबलं, श्री. आर्नल्ड बूथ यांनी स्वागतकक्षाशी यावं असं भोंग्यातून आलं, आणि गाणं परत सुरू झालं. मला त्या गाण्याचा, त्या हसण्याचा, हातात पेले घेऊन फिरणाऱ्या प्रत्येक माणसाचा संताप आला. सकाळपासून रात्रीपर्यंत अन्नाचे डोंगर रचलेल्या जागी माझा सासरा उपाशी मरायला टेकला होता.

पुकारा ऐकून जेमाल धावत आला. तलावाकाठच्या खुर्च्या हाच बघायचा. माणूस नसलेले टॉवेल उचलून टाकायचं कामही त्याचंच.

"आर्नल्डकाका आले नाहीत?" त्याने विचारलं. "पहाटे मला बाजाराची मिनीबस विचारली. म्हणाले, पाव घेऊन येतो, तोवर टॉवेलवर लक्ष ठेव."

"आणि तू दिवसभर सांगितलं नाहीस?" ग्रॅहम त्याच्या अंगावर धावून गेला.

"साहेब, मॅडम शेजारच्याच खुर्चीवर होत्या. मला वाटलं, येऊन गेले असतील." तो खाली बघत म्हणाला, "दुसऱ्या कोणाचा असता तर टॉवेल मी केव्हाच उचलला असता. त्यांचा म्हणून नाही उचलला."

मी ग्रॅहमला मागे ओढलं. "गाडी बोलाव," मी म्हटलं. "आणि तूही चल. आम्हाला इथलं बोलता येत नाही."

दरवर्षी येऊन गेटाबाहेरचा तो रस्ता मी विमानतळाच्या बसमधून सोडून कधी पाहिला नव्हता. एका बाजूला हॉटेलांच्या भिंती, एकीसारखी दुसरी, दुसऱ्या बाजूला तापलेली माती. मी साखरेच्या गोळ्यांची नळी मुठीत धरून बसले होते आणि दर झाडाच्या सावलीत पांढरं डोकं शोधत होते. मेगन मुसमुसत होती. ग्रॅहम सारखा म्हणत होता, "त्यांना बसचं सगळं कळतं. बसमध्ये त्यांचं काही वाईट होणार नाही."

मिनीबसच्या तळावर जेमालने चालकांना विचारलं. म्हातारा, पांढरे केस, आखूड चड्डी, सँडलमध्ये मोजे. मोजे म्हटल्याबरोबर दोघेतिघे एकदम बोलायला लागले.

"काय म्हणतायत?"

"म्हणतायत, तो इंग्रज ड्रायव्हर? हालीलच्या गाडीत होता."

"होता म्हणजे?"

जेमाल ऐकत राहिला. मग त्याने तुकड्यातुकड्याने सांगितलं. आर्नल्डनी पहाटे चढल्या चढल्या हातांनी चाक फिरवून दाखवलं होतं, मीही तुमच्यातलाच. हालीलने त्यांना पुढच्या जागेवर बसवलं आणि भाडं घेतलं नाही. बाजारात उतरून, बेकरीतून पिशवी भरून घेऊन ते परत त्याच गाडीत बसले. आणि वाटेत झोपले.

"मग उठवलं का नाही त्याने?" मी ओरडले. "हॉटेलशी उतरवलं का नाही?"

"कुठल्या हॉटेलशी, मॅडम? पाहुणा झोपला तर इथले ड्रायव्हर मनगटावरची पट्टी बघतात आणि त्या दाराशी उतरवतात. काकांच्या हाताला पट्टी नव्हती." तो अडखळला. "हालीलला वाटलं, म्हातारा ड्रायव्हर आहे, आयुष्यभर पहाटे उठलेला. झोपू दे. उठला की सांगेल कुठे उतरायचं ते. म्हणून शेजारी घेऊन खेपा करत राहिला."

एका खेपेला मागे बसलेल्या आजीबाईने म्हणे त्यांच्या कपाळाला हात लावला आणि किंचाळली. हालीलने भरल्या गाडीनिशी, कोणाला न उतरवता, थेट दवाखाना गाठला होता.

त्या दवाखान्याच्या पायऱ्या मी कशा चढले ते मला आठवत नाही. आर्नल्ड खाटेवर होते, हाताला सलाईन, आणि तोंड असं राखाडी की मी दारातच थांबले. तरुण डॉक्टरीण म्हणाली, साखर अगदी तळाला गेली होती, आता चढतेय, पण डोळे उघडेपर्यंत मी काही सांगू शकत नाही. कोपऱ्यात एक मिशाळ माणूस टोपी चुरगाळत उभा होता. तो हालील. त्याने आमच्याकडे बघितलं आणि छातीवर हात ठेवून मान खाली घातली, जसा काही गुन्हा त्याचाच.

आम्ही खाटेभोवती उभे राहिलो. ग्रॅहमने बापाचं पट्टी नसलेलं मनगट धरून ठेवलं होतं. तिथे कातडीवर पांढरा पट्टा उमटला होता. एल्सीने मला हळूच विचारलं, "आजोबा आत्ताच झोपलेत का?" मी तिला जवळ ओढलं. उठा हो, मी मनात म्हणत होते, उठा, वाटलं तर पुढच्या वर्षी वेल्सला जाऊ, त्या डब्यात जाऊ, शेगडीपाशी मी उभी राहते.

खिडकीतलं ऊन पार भिंतीवर गेलं तेव्हा त्यांच्या पापण्या हलल्या. त्यांनी एकेकाकडे बघितलं. ओठांनी मोजल्यासारखं वाटलं मला.

"उशीर झाला का मला?" ते पुटपुटले.

"नाही, डॅड," ग्रॅहम म्हणाला आणि खाटेच्या कडेवर कपाळ टेकून हुंदके द्यायला लागला. आर्नल्डनी मोकळा हात त्याच्या डोक्यावर ठेवला. बराच वेळ तसाच राहू दिला.

मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला केव्हा कळलं? मी नाही ते?"

ग्रॅहमने मान वर केली. "न्याहारीलाच. लगेच कळलं. तेव्हापासून शोधतोय."

"खोटं!" एल्सी म्हणाली. "एका बाईला तुमची खुर्ची हवी होती, तेव्हा कळलं."

मी तिचा दंड धरला, पण शब्द तोंडातून गेले होते. आर्नल्ड छताकडे बघत राहिले. ते रागावले असते तर मला सोसलं असतं.

"पुस्तक पालथंच होतं ना?" त्यांनी मला विचारलं.

"हो, डॅड."

"मग बरोबर आहे," ते म्हणाले. "कोणालाही वाटणार, माणूस आत्ताच उठून गेलाय."

हालील पुढे आला आणि त्याने एक कागदी पिशवी माझ्या हातात दिली. काकांच्या मांडीवर होती, जेमाल म्हणाला, झोपेतसुद्धा सोडली नव्हती. आत तीळ लावलेल्या गोल पावाच्या पाच कड्या होत्या, पाचही अखंड. भूक लागली असेल, हातपाय थरथरले असतील, तरी त्यांनी एकीचाही तुकडा मोडला नव्हता. आणणाऱ्याने सगळे बसल्याशिवाय खायचं नसतं.

कड्या एव्हाना वाळून कडक झाल्या होत्या. डॉक्टरीण हो म्हणाली तेव्हा आम्ही त्या तिथेच, खाटेभोवती बसून, चहात बुडवून खाल्ल्या. पहिला तुकडा आर्नल्डना दिला, आणि ते चावायला लागेपर्यंत आमच्यातल्या कोणीही आपली कडी मोडली नाही.